शेजारच्या देशात सॉफ्टवेअर

अमेरिकेतली किंवा युरोपातली कंपनी आपले सॉफ्टवेअरचे काम देशाबाहेर द्यायचे ठरवते, तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक दूरची, म्हणजे भारतासारख्या देशाची, जिथे इंजिनियर भरपूर आहेत आणि पगार कमी आहेत. ही ऑफशोअर पद्धत. दुसरी वाट शेजारच्या देशाची. तिथले दर थोडे चढे असतात, पण दोन्हीकडच्या कचेऱ्या साधारण एकाच वेळी उघडतात आणि गरज पडली तर पुष्कळदा सकाळचे विमान पकडून दुपारी समोरासमोर बसता येते. ही नियरशोअर पद्धत. अमेरिकेसाठी असे शेजारी म्हणजे मेक्सिको, कोस्टा रिका, कोलंबिया, उरुग्वे, अर्जेंटिना. जर्मनी आणि ब्रिटनसाठी पोलंड, रोमानिया, युक्रेन. जपानसाठी चीनमधले दालियान शहर.

दूरची वाट आधी रुळली. मुंबईत अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ साली सुरू झाले आणि तिथून निर्यातीचे काम होऊ लागले. पुढे संगणकांना २००० सालची तारीख नीट ओळखता यावी यासाठीच्या ‘वायटूके’ दुरुस्तीने भारतीय कंपन्यांना अमेरिकेची दारे सताड उघडून दिली. ते काम ठरावीक होते. काय बदलायचे ते आधी लिहून मिळायचे, इंजिनियर रात्रंदिवस खपून ते पुरे करायचे आणि परत पाठवायचे. अशा कामाला अंतराची अडचण फारशी भासली नाही. उलट अमेरिकेत रात्र असताना पुण्या-बंगळूरमध्ये काम पुढे सरकते, याचेच कौतुक व्हायचे.

अडचण आली ती सॉफ्टवेअर बनवण्याची रीत बदलल्यावर. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जाणकारांनी ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा मांडला. सगळे आधी लिहून ठेवण्यापेक्षा थोडे बनवावे, ग्राहकाला दाखवावे, त्याचे ऐकून पुन्हा बदलावे, असा तिचा गाभा आहे. त्यात समोरासमोरच्या बोलण्याला पहिले स्थान आहे. ही पद्धत पसरली तशी रोज सकाळची पंधरा मिनिटांची ‘स्टँडअप’ बैठक, ‘स्प्रिंट’ नावाचे दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे आणि दिवसभर चालू असणारे चॅट हे रोजच्या कामाचे अंग झाले.

यात वेळेचा फरक कसा नडतो, ते एका शंकेवरून कळते. हिंजवडीतल्या एका इंजिनियरला हिवाळ्यात सकाळी अकरा वाजता प्रश्न पडला की ग्राहकाने ऑर्डर अर्धवट रद्द केली तर सवलतीची रक्कम कशी मोजायची. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. क्लायंटकडची व्यक्ती सकाळी नऊला मेल उघडते, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि कंपनीची बस वाकडच्या पुलावर अडकलेली असते. उत्तर दुसऱ्या दिवशी वाचले जाते, आणि त्यातून आणखी एक प्रश्न निघाला तर आणखी एक दिवस जातो. अंदाजाने पुढे जावे तर चुकीचे बनते आणि मोडून पुन्हा करावे लागते. हाच प्रश्न मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात पडला, तर शिकागोच्या क्लायंटला तिथल्या तिथे फोन लावता येतो. दोन्ही शहरांच्या घड्याळांत हिवाळ्यात फरक नसतो, उन्हाळ्यात एका तासाचा असतो. जवळपणाची किंमत खऱ्या अर्थाने इथे वसूल होते. ताशी दर जास्त मोजूनही वाट पाहण्यात जाणारे दिवस वाचत असतील, तर एकूण खर्च खाली येऊ शकतो. दरपत्रकात हे दिवस कुठेच दिसत नाहीत, म्हणून व्यवस्थापनाकडून त्यांचा हिशेब राहून जातो.

ग्वादालाहाराची गोष्ट या व्यवसायाची जडणघडण चांगली दाखवते. आयबीएमने तिथे १९७५ साली कारखाना उभारला आणि तिच्यामागून इतर इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या आल्या. २००१ नंतर जुळणीची कामे चीनकडे वळू लागली, तेव्हा शहराने हाताशी असलेले इंजिनियर आणि विद्यापीठे यांच्या जोरावर डिझाइन आणि सॉफ्टवेअरची कास धरली. उत्तरेकडे मोंतेरेय शहरात १९८२ साली सुरू झालेल्या सॉफ्टेक कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘नियर शोअर’ या नावानेच अमेरिकेला सेवा विकायला सुरुवात केली. त्याआधी, १९९४ साली, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा व्यापार करार लागू झालेला होता. त्या करारामुळे मेक्सिकन आणि कॅनेडियन व्यावसायिकांना अमेरिकेत कामासाठी ‘टीएन’ व्हिसा मिळू लागला. भारतीय इंजिनियरला लागणाऱ्या एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ८५,००० आहे, त्यासाठी सोडत काढतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. माणूस क्लायंटकडे पाठवणे जितके अवघड होते, तितका शेजारी देश जास्त सोयीचा ठरतो.

युरोपात घड्याळाइतकाच कायदा महत्त्वाचा आहे. पोलंड २००४ मध्ये आणि रोमानिया २००७ मध्ये युरोपीय संघात आल्यावर बर्लिनच्या कंपनीला क्राकूव्हमध्ये काम देणे जवळजवळ देशांतर्गत झाले. मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर कायदा नागरिकांची वैयक्तिक माहिती संघाबाहेर न्यायला कडक अटी घालतो. संघातल्या संघात ती अडचण नाही. भारताला युरोपीय आयोगाची ‘पुरेशा संरक्षणाची’ मान्यता नसल्याने इथल्या कंपन्यांना वेगळे करार आणि हमीपत्रे करावी लागतात. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांना मात्र ती मान्यता आहे, आणि हे दोन्ही देश तिचा पुरेपूर उपयोग करून घेतात.

दालियानचे जपानशी नाते इतिहासातून आलेले आहे. १९०५ ते १९४५ हे शहर जपानच्या ताब्यात होते. त्या काळाच्या आठवणी कडू असल्या, तरी जपानी भाषा शिकवण्याची सोय आणि जपानशी व्यापार तिथे टिकून राहिला. १९९८ साली सॉफ्टवेअर पार्क उभे राहिले आणि जपानी कंपन्यांना त्यांच्याच भाषेत बोलणारे, घड्याळात एकाच तासाने मागे असलेले कर्मचारी मिळाले.

या पद्धतीच्या मर्यादाही मोठ्या आहेत. पहिली माणसांची. उरुग्वेची सगळी लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या पुणे शहरापेक्षा थोडीच जास्त. तिथे पन्नास जणांची चांगली टीम उभी राहते. पाच हजारांची फौज तीन महिन्यांत हवी असेल, तर भारताला पर्याय नाही. मागणी वाढली की छोट्या देशात पगार झपाट्याने चढतात आणि दरातला फायदा आटतो. सरकारी सवलतीही कायमच्या नसतात. रोमानियाने २००१ पासून प्रोग्रामरना आयकरात दिलेली सूट २०२५ च्या सुरुवातीला संपवली.

दुसरी मर्यादा राजकीय धोक्याची. युक्रेनमध्ये हजारो प्रोग्रामर पाश्चात्त्य कंपन्यांसाठी काम करत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर कंपन्यांनी माणसे पश्चिमेकडच्या ल्विव्हला आणि शेजारच्या देशांत हलवली, जनरेटर आणि उपग्रह इंटरनेट बसवले. वीज जात असताना, सायरन वाजत असताना काम चालू राहिले आणि त्या वर्षी देशाची आयटी निर्यात वाढलीसुद्धा. हे धैर्य असामान्य होते. पण पुढे बरेच तरुण सैन्यात गेले, नवे क्लायंट बिचकू लागले आणि निर्यात घसरली. आपली सगळी टीम एकाच शेजाऱ्याकडे ठेवू नये, हे कंपन्यांना तिथे महागात पडून कळले.

भारतीय कंपन्यांनी ही स्पर्धा फार आधी ओळखली. टीसीएसने बुडापेस्टला २००१ मध्ये, उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओला २००२ मध्ये आणि ग्वादालाहाराला २००७ मध्ये केंद्र उघडले. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने २००७ मध्ये मोंतेरेयला आणि पोलंडमधल्या वूच शहरात बस्तान बसवले. आता एकच मोठे काम तीन ठिकाणी वाटले जाते. क्लायंटच्या कचेरीत दोन-चार माणसे, ग्राहकाशी सतत बोलून ठरणारा भाग मेक्सिकोत किंवा पोलंडमध्ये, आणि चाचणी, देखभाल, रात्रीचा सपोर्ट भारतात. करारात तिन्ही ठिकाणांचे दर एकत्र करून सरासरी काढतात, आणि कुठे किती माणसे बसवायची यावरच खरी घासाघीस होते. क्लायंटला शेजारची माणसे जास्त हवी असतात, कंपनीचा नफा मात्र भारतातल्या माणसांवर असतो.