घोड्याची झूल कशी निवडावी?

२०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा रात्री रामटेकला उघड्यावर बांधलेल्या घोड्यावर तुम्ही गोणपाट टाकाल का? जरा थांबा! थंडीत घोड्याचे केस उभे राहतात व त्यांत हवा कोंडते. हवा उष्णतेची दुर्वाहक. म्हणून ३८ अंशांचे शरीर उबदार राहते. पातळ गोणपाटाखाली केस दबतात आणि ही हवा निघून जाते. त्यात गोणपाट दवाने भिजले तर अधिकच वाईट, कारण पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट असते. म्हणून झूल जाड पण हलकी, पाणी आत न घेणारी, घामाची वाफ बाहेर सोडणारी आणि खांद्याला न काचणारी हवी. धडधाकट, केसाळ घोड्याला कोरड्या थंडीत बहुधा तीही लागत नाही. म्हाताऱ्या वा आजारी घोड्याला मात्र द्यावी. झुलीखाली हात घालून पाहा. अंग कोरडे व कोमट लागले, म्हणजे निवड बरोबर!