डोंगरावरून वळीव पाहावा काय ?

वैशाख सरत आला, म्हणजे वरणगांवकरांची दृष्टि वारंवार उत्तरेकडे वळूं लागते. तापीपलीकडे सातपुड्याची निळसर भिंत दिसते. तिच्या माथ्यावर दुपारीं तीनच्या सुमारास पांढऱ्या ढगांचे मनोरे उभे राहतात आणि घटकाभरांत त्यांचे तळ काजळासारखे होतात. मग धुळीचा लोट उठतो, आणि तापलेल्या काळ्या मातीवर टपोरे थेंब पडले कीं पोरेंबाळें अंगणांत धांवतात. हा सोहळा पालकडे जाऊन एखाद्या शिखरावरून पाहिला तर किती मौज येईल, असें दरवर्षीं एखादा विद्यार्थी मला विचारतोच. त्याला "नको" म्हणतांना माझें मन कचरतें, कारण त्या वयांत मलाहि हीच हौस होती. म्हणून नुसता निषेध न करतां त्याचें कारण येथें सांगतों.

उन्हाळ्यांत आपल्याकडील पारा पंचेचाळीस अंशांच्याहि वर जातो. तापलेल्या जमिनीला लागलेली हवा हलकी होऊन वर चढते. डोंगराचा उतार तिला चढावयास आणखी साहाय्य करतो. तिच्यांत समुद्रावरून आलेली वाफ असली, तर वर थंडाव्यांत तिचे जलबिंदु आणि त्याहून वर हिमकण होतात. असा ढग १२ किलोमीटर किंवा त्याहूनहि उंच वाढतो. एव्हरेस्टची उंची नऊ किलोमीटरांहून कमी आहे, हें ध्यानांत घ्यावें. ढगाच्या पोटांत वर जाणारे हिमकण आणि खालीं येणाऱ्या लहान गारा एकमेकांवर आदळतात. या आदळआपटींत हिमकणांवर धन विद्युत् व गारांवर ऋण विद्युत् सांचते. एक वर जाते, दुसरी खालीं राहते. हा सांठा असह्य झाला कीं विजेचा लोळ सुटतो. त्याच्या मार्गांतील हवा क्षणार्धांत सुमारें ३०,००० अंशांपर्यंत तापून फुगते. तिचा तो स्फोट म्हणजेच गडगडाट.

आतां डोंगराची गोष्ट. वीज जमिनीकडे येतांना उंच व उघड्या वस्तूकडे तिची ओढ अधिक असते. पायाळू माणसावर वीज पडते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. वीज कोणाचा जन्म कसा झाला हें विचारीत नाहीं. ती उंची पाहते. उघड्या माथ्यावर उभा असलेला मनुष्य पायाळू असो वा नसो, तेथील सर्वांत उंच वस्तु तोच असतो. जयपूरनजीक आमेर किल्ल्यासमोरच्या टेंकडीवर एक टेहळणीचा बुरूज आहे. ता. ११ जुलै २०२१ रोजीं पावसाची शोभा पाहण्यास आणि छायाचित्रें काढण्यास लोक त्यावर चढले होते. त्या सायंकाळीं तेथें वीज कोसळली व निदान अकरा जण मृत्यु पावले. त्यांची हौस आणि आपली हौस यांत कांहींच अंतर नव्हतें.

"पाऊस लागला कीं उतरूं," असें मुलें म्हणतात. परंतु पावसाच्या सरीपासून दहा किलोमीटर दूरहि वीज पडूं शकते. झाडाखालीं थांबणें तर अधिकच वाईट, कारण झाडावर आलेली वीज शेजारच्या देहावर उडी घेते, आणि जमिनींत पसरलेला तिचा प्रवाह पायांतून शिरतो. गुरांचे पुढचे व मागचे पाय दूर असल्यामुळें तो त्यांच्या छातींतूनच जातो. एकाच झाडाखालीं सबंध कळप मेल्याचें ऐकूं येतें तें यामुळें. आणखी एक गोष्ट पालकांनीं घरांत अवश्य सांगावी. वीज पडलेल्या माणसाच्या अंगांत वीज उरत नाहीं. त्याला हात लावण्यास भिऊं नये. श्वास व नाडी थांबली असल्यास ताबडतोब छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा. कित्येक जण नुसत्या भीतीपोटीं दुरून पाहत राहतात आणि वांचण्याजोगा जीव जातो.

मग वळीव पाहूंच नये काय? अवश्य पाहावा. पण खरें सांगावयाचें तर माथ्यावरच्या माणसाला वादळ दिसतच नाहीं. तो त्याच्या पोटांत असतो, आणि त्याच्या वाट्याला धुकें, धूळ व मारा येतो. ढगाचा सबंध मनोरा दुरूनच दिसतो, आणि त्यासाठीं आपल्या वरणगांवाइतकी चांगली जागा शोधून सांपडणार नाहीं. सातपुड्यावरील विजा येथून दिसतात, पण त्यांचा आवाज बहुधा पोंचत नाहीं. इतकें अंतर पुरेसें आहे. (रावेर-यावलच्या केळीच्या बागा त्याच वाऱ्यानें आडव्या होतात, हें मात्र मौज पाहतांना विसरवत नाहीं.) डोंगर चढावयाचा तो पहांटे चढावा व दुपारच्या आंत पायथ्याशीं यावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें केलेलें 'दामिनी' हें साधन भ्रमणध्वनीवर मिळतें. जवळपास कोठें विजा होत आहेत तें त्यावर कळतें.

साधन नसेल तर आंकडे मोजावे. वीज चमकतांच एक, दोन, तीन असे सेकंद मोजीत जावें व गडगडाट ऐकतांच थांबावें. आलेल्या आंकड्यास तिनानें भागिलें कीं वीज किती किलोमीटरांवर झाली तें निघतें. आंकडा तिसाच्या आंत आला कीं गच्ची सोडून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत खिडकीआडूनच पाहावें.