फिरतें घर मिटलें असतां

अमेरिकेंतील लोक सुटीच्या दिवसांत जें घर चाकांवर घालून देशभर हिंडतात, त्यास तिकडे आर. व्ही. म्हणतात. आपण त्यास फिरतें घर म्हणूं. नागपूर-कामठीकडील कांहीं कुटुंबांचीं मुलें शिकून तिकडे नोकरीस राहिलीं आहेत, आणि आईबाप भेटीस आले म्हणजे त्यांस भाड्यानें घेतलेल्या अशा घरांतून यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन दाखवावें, अशी त्यांपैकीं कित्येकांस हौस असते. तेथून येणाऱ्या छायाचित्रांत आंतील बैठक चांगली ऐसपैस दिसते. कोच, जेवणाचें मेज, ओटा, फ्रिज, सर्व कांहीं तेथें आहे. मग रस्त्यावर धांवणारी गाडी एवढी रुंद कशी, असा प्रश्न विद्यार्थ्यास सहजच पडतो. त्याचें उत्तर असें कीं, धांवतांना ती एवढी रुंद नसतेच.

अमेरिकेंत अशा वाहनाची रुंदी सामान्यतः १०२ इंचांहून, म्हणजे साडेआठ फुटांहून, अधिक असूं देत नाहींत. आपल्या देशांतील मर्यादाही २.६ मीटर, म्हणजे जवळजवळ तितकीच आहे. दोन्ही भिंतींची जाडी वजा केली तर आंत सुमारें आठ फूट उरतात. या अडचणींतून काढलेली युक्ति म्हणजे सरकता कप्पा, ज्यास तिकडे स्लाइड-आउट म्हणतात. इंडियाना संस्थानांतील न्यूमार कंपनीनें १९९० सालीं मोटारीच्या घरास असा कप्पा बसविला, आणि पुढें तो सर्वत्र पसरला. गाडी मुक्कामास उभी राहिली कीं कळ दाबावयाची. विजेची मोटार दांतेरी चक्र फिरविते, किंवा तेलाच्या दाबानें दांडा पुढें जातो, आणि भिंतीचा एक भाग त्यावरील कोचासकट, मेजाचा खण ओढावा तसा, दोनतीन फूट बाहेर सरकतो. कडेच्या रबरी पट्ट्या पाऊस व धूळ आंत येऊं देत नाहींत.

परंतु मेजाचा खण आणि हा कप्पा यांत एक मोठा भेद आहे. मेजांत खणासाठीं रिकामी जागा राखलेली असते. फिरत्या घरांत कप्पा आंत घेतला म्हणजे तो आपलें सर्व सामान घेऊन, जेथें आपण चालतों व उभे राहतों, नेमका त्याच जागेवर येऊन बसतो.

आमच्या आठवीच्या वर्गानें हें फरशीवर खडूनें काढून पाहिलें. आठ फूट अंतरावर दोन समांतर रेषा ओढल्या. तीन फूट खोल कोच म्हणून एकीकडे बाक मांडले, तितकेंच खोल जेवणाचें मेज म्हणून दुसरीकडे. प्रथम बाक रेषांच्या बाहेर होते; मध्यें अंगणासारखी जागा राहिली व दहाबारा मुलें तींत आरामांत उभीं राहिलीं. मग दोन्हीकडचे बाक आंत ढकलले. हिशेब दुसरीच्या मुलासही येईल असा आहे: आठांतून तीन गेले, पुन्हां तीन गेले, उरले दोन. त्या दोन फुटांच्या बोळांतून एक मुलगा नीट चालत गेला. समोरून दुसरा आला तेव्हां एकास बाकावर चढावें लागलें. एका मुलीनें फ्रिजचें दार म्हणून पुठ्ठा धरून उघडून पाहिला, तो अर्ध्यावरच अडला. वर्गांत पुष्कळ हंशा झाला. पण गणिताच्या तासास इतकें लक्ष क्वचितच लागतें.

निजण्याच्या खोलींत याहून कठीण प्रकार असतो. पुष्कळ घरांत पलंगाची उशाकडील बाजू कप्प्यांत बसविलेली असते. कप्पा मिटला कीं सबंध पलंग आंत येतो व त्याचें पायतें समोरच्या कपाटास भिडतें. कांहीं पलंगांचें पायतें उचलून दुमडतां येतें, तेवढें बरें. तशी सोय नसली आणि संडास पलंगाच्या पलीकडे असला, तर गादीवरून गुडघ्यांनीं रांगत जाणें हा एकच मार्ग उरतो. दहा वर्षांच्या मुलास त्यांत मौज वाटेल. सत्तर वर्षांच्या आजोबांस, तेंही रात्रीं, वाटणार नाहीं.

मुक्कामास पोंचल्यावर कप्पे उघडतोंच, मग ही चिंता कशाला, असें कोणी म्हणेल. तथापि प्रवासाचा बराच काळ घर मिटलेलेंच असतें. दुपारीं रस्त्याच्या कडेस अर्धा तास थांबून भाकरी खावयाची असते. शेजारीं दुसरी गाडी उभी असल्यामुळें कप्पा उघडण्यास वाव नसतो. रात्रीं एखाद्या दुकानाच्या वाहनतळावर थांबण्याची परवानगी मिळाली, तर तेथें कप्पे बाहेर काढूं नयेत असा शिष्टाचार आहे. झाडाची फांदी आड येते, वारा सोसाट्याचा असतो, बॅटरी उतरते. शिवाय यंत्र तें यंत्र. हातानें फिरविण्याचा दांडा पुष्कळ ठिकाणीं दिलेला असतो, पण काळोखांत व पावसांत तो फिरविणें सुखाचें नव्हे. गाडी चालू असतां मात्र घर कितीही मोकळें असलें तरी कोणीं हिंडूं नये. पट्टा बांधून बसावें.

या बाबतींत आपल्या आगगाडीचा डबा मला अधिक शहाणा वाटतो. कामठी स्टेशनावर थांबणाऱ्या एखाद्या गाडीच्या तीन मजली शयनाच्या डब्यांत जाऊन पाहा. मधली बर्थ दिवसा पाठीस टेकण्याची फळी होते. रात्रीं १० ते सकाळीं ६ ती उघडून निजावयाचें, असा नियम आहे. या उघडझांकीनें डब्यांतील मधली वाट तसूभरही कमी होत नाहीं आणि संडासाचें दार कोणत्याही वेळीं गांठतां येतें. एका खणांत आठ, असे जुन्या पद्धतीच्या डब्यांत ७२ जण यामुळेंच मावतात. डबा बांधणारास ठाऊक होतें कीं, लोक यांत धांवत्या गाडींतच राहणार. आपल्या लहान घरांतही हीच रीत आहे: सकाळीं अंथरुणाची वळकटी होते, खाट भिंतीस उभी लागते, आणि दाराकडची वाट मोकळी राहते.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. आपल्याकडे अशीं वाहनें बहुधा लहान बसच्या सांगाड्यावर बांधतात व त्यांत दिवसाचा कोच रात्रीं पलंग होतो. युरोपांतही सरकते कप्पे क्वचितच दिसतात. तेथील साध्या परवान्यावर सामान्यतः ३,५०० किलोपर्यंतचेंच वाहन चालवितां येतें, आणि प्रत्येक कप्पा गाडीचें वजन वाढवितो. म्हणून कप्पा वाईट असें मी म्हणत नाहीं. एकाच ठिकाणीं आठ दिवस तळ द्यावयाचा असेल तर त्यासारखें सुख नाहीं. रोज मुक्काम बदलणारानें मात्र घर मिटलेलें असतां कसें आहे यावरूनच त्याची पारख करावी.

विक्रेते व भाड्यानें देणारे घर नेहमीं उघडून दाखवितात. त्यांस सर्व कप्पे मिटण्यास सांगावें. तत्पूर्वीं जमिनीवर मुलाचा जोडा किंवा चेंडू राहिला नाहीं हें पाहावें, नाहीं तर तो चिरडेल आणि कप्पाही अडकेल. मग घरांतील सर्वांत वयस्क माणसास आंत नेऊन संडासापर्यंत व परत दारापर्यंत चालवून पाहावें. फ्रिजमधून दुधाचें भांडें बाहेर काढावें. एका माणसास तरी कोठें आडवें होतां येतें का, तें आडवें होऊनच पाहावें. आजीचीं औषधें व पिण्याचें पाणी कोणत्या कपाटांत ठेवावयाचें, हेंही त्याच वेळीं, कप्पे मिटलेले असतांनाच, ठरवून घ्यावें.