पाऊस आला की ॲपवरचं भाडं का वाढतं, आणि काळी-पिवळीचं का वाढत नाही?

जुलैमधली संध्याकाळ. दादरला पाऊस कोसळतोय, लोकल रखडल्यात आणि तुम्ही टिळक पुलाजवळ एका दुकानाच्या छपराखाली उभं राहून मोबाइल बघताय. सकाळी अंधेरीहून यायला जेवढे पैसे लागले, त्याच्या दीडपट आकडा आता परतीसाठी दिसतोय. अंतर तेच, गाडी तशीच.

तेवढ्यात समोरून काळी-पिवळी जाते. तिचा दर सकाळी होता तोच आहे. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पाऊस असो की ऊन. फक्त ती थांबत नाही. थांबलीच तर खिडकीतून ‘उधर नहीं जाएगा’ ऐकू येतं.

दोन्हीकडे अडचण एकच आहे. गाड्या कमी आणि माणसं जास्त. अशा वेळी गाडी कोणाला मिळणार, हे कशावरून तरी ठरावं लागतं. ॲप ते पैशावर ठरवतं. मीटरची टॅक्सी पैसे वाढवू शकत नाही, म्हणून तिथे ते थांबण्यावर, नशिबावर आणि चालकाच्या मर्जीवर ठरतं. म्हणजे महागाई दोन्हीकडे होते, एकीकडे रुपयांत आणि दुसरीकडे मिनिटांत.

भाडं वाढवून नेमकं होतं काय?

‘सर्ज’ म्हणजे मागणीनुसार बदलणारं भाडं. त्यासाठी ॲप शहराचे छोटे छोटे तुकडे पाडतं. उबरच्या नकाशावर हे तुकडे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी असतात. एका तुकड्यात किती जण गाडी शोधतायत आणि किती गाड्या रिकाम्या आहेत, याचा हिशोब सतत चालू असतो. पहिला आकडा दुसऱ्याच्या फार पुढे गेला की भाडं चढतं.

यातून दोन गोष्टी व्हाव्यात अशी अपेक्षा असते. ज्यांना घाई नाही त्यांनी थांबावं किंवा बस पकडावी, आणि दूरच्या चालकांनी जास्त पैशांसाठी इकडे यावं. पहिली गोष्ट लगेच होते. दुसरीचं मात्र तसं नाही. कुर्ल्यात पाणी भरलेलं असताना तिथला चालक दादरचं वाढलेलं भाडं बघून करणार काय? तो पोहोचेपर्यंत सर्ज उतरलेला असतो.

तरीही सर्जचा उपयोगच नाही, असं म्हणता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे खरं तर नवं वर्ष लागल्यावर, तांत्रिक बिघाडामुळे उबरचा सर्ज २६ मिनिटं बंद पडला. भाडं नेहमीचं झालं आणि गाडी मागणाऱ्यांची झुंबड उडाली. पण त्या वेळात गाडी मिळालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्याही खाली घसरलं. बाकीचे रस्त्यावरच राहिले. स्वस्त भाडं दिसत होतं, गाडी नव्हती. हा अभ्यास उबरच्याच आकडेवारीवर आणि कंपनीच्या अर्थतज्ज्ञाच्या सहभागाने झाला होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा.

पावसात टॅक्सी का मिळत नाही, याचा वेगळा अभ्यास अर्थतज्ज्ञ हेन्री फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या मीटरवाल्या टॅक्सींच्या नोंदींवरून केला. दिवसाची ठरलेली कमाई लवकर झाली की चालक घरी जातात, असा आधी एक समज होता. फार्बर यांना २०१५ मध्ये दिसलं ते निराळं होतं. पावसात गिऱ्हाईक भरपूर असतं, पण रस्ते तुंबल्याने तासाभराची कमाई वाढतच नाही. रस्त्यावरच्या टॅक्सी मात्र थोड्या कमी होतात. जास्त त्रास आणि कमाई तेवढीच, मग कोण थांबेल? ‘उधर नहीं जाएगा’चं निदान अर्धं उत्तर इथे मिळतं.

मग टॅक्सीलाही भाडं वाढवू द्यावं का?

टॅक्सीचं भाडं सरकारने ठरवण्यामागे कारण आहे. रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवणाऱ्याला चार गाड्यांचे भाव तपासता येत नाहीत. सामान घेऊन, मुलांना घेऊन, रात्री उभा असलेला माणूस घासाघीस करण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून मीटर आलं. मुंबईत दर ठरवताना इंधन, गाडीची किंमत, देखभाल आणि महागाई धरली जाते, आणि मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण त्यावर शिक्का मारतं. यातही वेळेनुसार भाडं आहेच. मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत सव्वापट द्यावे लागतात. फरक इतकाच की ते आधीपासून सगळ्यांना माहीत असतं.

ॲपवाल्या गाड्या आल्या त्या बहुतांश पर्यटक परमिटवर. त्यांना हे मीटरचे दर लागू नव्हते. टॅक्सी संघटनांची खरी तक्रार इथे आहे, आणि ती रास्त आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा ॲप सवलत देऊन टॅक्सीच्या खालचा भाव लावतं. संध्याकाळी गर्दीत वरचा भाव लावतं. टॅक्सीवाल्याला दोन्ही करता येत नाही. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत या सवलती आणि चालकांचे बोनस गुंतवणूकदारांच्या पैशांतून येत होते. ते आटले तसं चालकांचंही बिनसलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत ओला-उबरचे चालकच संपावर गेले.

न्यूयॉर्कमध्ये हा फटका थेट मोजता आला. तिथे टॅक्सी चालवायच्या परवान्याची, ‘मेडॅलियन’ची, खरेदी-विक्री होते. २०१४ च्या आसपास त्याची किंमत १० लाख डॉलरच्या वर होती, २०१८ पर्यंत ती २ लाखांच्या खाली आली. कर्ज काढून परवाना घेतलेले अनेक चालक यात बुडाले.

मर्यादा कोणी घालायची?

डिसेंबर २०१४ मध्ये सिडनीतल्या एका कॅफेत ओलीसनाट्य सुरू असताना आसपासच्या भागात उबरचं भाडं चौपट झालं. लोक जीव मुठीत घेऊन बाहेर पडत होते, आणि गणिताला फक्त ‘मागणी वाढली’ एवढंच कळत होतं. संताप झाल्यावर कंपनीने पैसे परत केले. दिल्लीत एप्रिल २०१६ मध्ये सम-विषमच्या काळात सरकारने सर्जवर बंदीच घातली.

केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सर्जला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली. जुलै २०२५ मध्ये ती दुप्पट केली. महाराष्ट्राने मे २०२५ च्या धोरणात दीडपटच ठेवली आणि उलट बाजूची सवलतही २५ टक्क्यांवर रोखली. मला यात सवलतीवरचा लगाम जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण टॅक्सीवाल्याचं गिऱ्हाईक त्या सवलतीतच जातं.

पण दीडपट म्हणजे कशाच्या दीडपट? प्रवाशाला हे कळणं अवघड झालंय. पूर्वी ॲपवर ‘१.८ पट’ असं स्पष्ट दिसायचं, आता थेट एक रक्कम येते. त्यामुळे संशय वाढतो. बॅटरी संपत आलेला माणूस वाढीव भाडं सहज स्वीकारतो, असं उबरच्याच एका अर्थतज्ज्ञाने २०१६ मध्ये सांगितलं होतं. भाडं ठरवताना आपण ही माहिती वापरत नाही, असा कंपनीचा खुलासा होता. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटीस काढली, ती आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगवेगळं भाडं दिसतं या तक्रारीवरून. कंपन्यांनी हेही नाकारलं. नंतर ‘आधीच टिप द्या, गाडी लवकर मिळेल’ हा प्रकार आला. नाव टिपचं असलं तरी काम सर्जचंच आहे.

पुण्यात तर गाडी उलट्या दिशेला गेली. तिथल्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला. ॲपवर बऱ्याचदा त्याहून कमी दिसतं. म्हणून आता चालकच म्हणतात, ॲपचं सोडा, सरकारी दराने द्या. प्रवास संपल्यावर प्रवासी आपल्या मोबाइलवरचा आकडा दाखवतो, चालक आपल्या मोबाइलवरचा. आणि मागची गाडी हॉर्न वाजवत असते.