लालबागची मूर्ती आणि प्लास्टर

लालबागच्या मूर्तिशाळांत पांढरी भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओततात. थोड्याच वेळात ती घट्ट होते, हाताला गरमही लागते. असे का बरे होते?

जिप्सम म्हणजे पाणी बांधून ठेवलेले कॅल्शियम सल्फेट. सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातले पाऊण हिस्सा पाणी उडते; उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी मिळताच ते पुन्हा जिप्सम होते. मोडलेले हाड बांधायला, कपबश्यांचे साचे करायला हाच गुण उपयोगी पडतो.

मूर्तीही हलकी नि स्वस्त होते. पण विसर्जन केले की शाडू पाण्यात सुटते. जिप्सम मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणून गावच्या तळ्यात मूर्ती भंगून पडून राहते.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोड काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की काही दिवसांत तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते. हे तर आपल्या शेतातलेच खत! मात्र घरातला खाण्याचा सोडा वेगळा, तो इथे वापरू नये.

गुरुजींनी मुलांना हा प्रयोग बादलीत, मोकळ्या हवेत जरूर दाखवावा. अमोनियाचा वास उग्र असतो.