मुलीच्या अंगावरचे पट्टे : लागण नव्हे, जन्मजात खूण

एखाद्या मुलीच्या हातापायांवर करड्या-तपकिरी रेषा दिसल्या की "हे लागत तर नाही ना?" असा प्रश्न येतोच. म्हणून या अंकात आम्ही एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराची माहिती देत आहोत. त्याचे नाव 'इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटाय'. ब्रूनो ब्लॉख यांनी १९२६ मध्ये व मॅरियन सल्झबर्गर यांनी १९२८ मध्ये त्याचे वर्णन केले.

दहावीच्या मुलींनी गुणसूत्रे अभ्यासली आहेतच. मुलींमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात, पण प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच काम करते. या विकारात एका एक्सवरील 'आयकेबीकेजी' नावाच्या जनुकात बिघाड असतो. हे २००० साली समजले. त्यामुळे काही पेशी निरोगी तर काही सदोष राहतात आणि त्वचेवर लाटांसारखे पट्टे उमटतात. मुलांमध्ये एकच एक्स असल्याने सदोष एक्स मिळालेला मुलगा बहुधा गर्भातच दगावतो. निरोगी एक्स मिळालेला मुलगा मात्र पूर्ण निरोगी असतो.

जन्मतः किंवा पहिल्या काही आठवड्यांत रांगेने फोड येतात; पुष्कळदा त्यांना जंतुसंसर्ग समजले जाते. नंतर चामखिळीसारखे खडबडीत उंचवटे आणि पुढे तपकिरी पट्टे दिसतात. किशोरवयात हे पट्टे फिके होऊ लागतात. त्वचेच्या या डागांना सहसा उपचार लागत नाहीत.

खरी काळजी डोळ्यांची घ्यावी. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडून नजर जाऊ शकते. म्हणून निदान होताच तान्ह्या बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे आणि पुढेही ते सांगतील तशी तपासणी करीत राहावी. वेळीच कळले तर लेझरने दृष्टी वाचवता येते. दात उशिरा, कमी किंवा टोकदार येतात. काहींना फेफरेही येते. तेव्हा मेंदूतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो.

अशा आईकडून प्रत्येक मुलीला हा विकार मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण पुष्कळदा घरात कोणालाच तो नसतो, बिघाड नव्यानेच होतो. यात ग्रहण, खाणेपिणे वा कोणाचे पाप यांचा काहीही संबंध नाही. वारंवार गर्भपात झाले म्हणून सुनेला बोल लावणे हा तर अन्यायच.

पालकवर्गास व शिक्षकांस आमचे निवेदन आहे की अशा मुलीला वेगळे बसवू नये. स्पर्शाने, डब्याने, कपड्याने हा विकार पसरत नाही. तिला फळ्यावरचे नीट दिसते का, एवढे मात्र अवश्य विचारावे.