मांडवीचा दवाखाना आणि महापालिकेची खुर्ची

मुंबईत धोबीतलावच्या नाक्यावर, मेट्रो सिनेमासमोर, एका डॉक्टरचा पुतळा आहे. गव्हर्नर, शेठ आणि पुढारी यांच्या पुतळ्यांनी भरलेल्या या शहरात, दाटीच्या वस्तीत रोगी तपासणाऱ्या माणसाला अशी जागा मिळाली ही मला मोलाची गोष्ट वाटते. पुतळ्यांमागच्या माणसांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी हेच नाव सांगितलं : डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस.

त्यांचा जन्म बार्देशातल्या हडफड्याचा, १ एप्रिल १८५६चा. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि शिकायचं किंवा पोटाला लागायचं तर अनेक गोंयकारांना मुंबई गाठावी लागे. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावांचे ‘कूड’ असत. गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या त्या बिऱ्हाडांत बोटीवर जाणारे, आचारी, वाजंत्री उतरत. व्हिएगस यांनी मुंबईत शिक्षण घेतलं, १८८०मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल. एम. अँड एस. झाले आणि मांडवीत दवाखाना थाटला. १८८८मध्ये ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनमध्ये निवडून गेले, १९०६मध्ये तिचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती. १९३३मध्ये ते वारले.

या सगळ्या पदांपेक्षा मला खिळवून ठेवतो तो १८९६चा सप्टेंबर महिना. त्या महिन्यात एका खाजगी डॉक्टरने रोग्याच्या जांघेत गाठ चाचपली आणि त्यातून शहराचा इतिहास वळला.

मांडवी म्हणजे मशीद बंदराचा परिसर. गोदीतून उतरलेला माल इथल्या वखारींत यायचा. नरशी नाथा स्ट्रीट आणि दाणाबंदर ही नावं आजही त्या व्यापाराची साक्ष देतात. घाऊक धान्यबाजार वाशीला गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण या गल्ल्यांतून चालताना मसाल्याचा वास येतो आणि हातगाड्यांना वाट द्यावी लागते. तेव्हा खाली धान्याची वखार आणि वर माणसांनी भरलेल्या अंधाऱ्या खोल्या अशी इमारतींची रचना असे. पोत्यांवर उंदीर जगत आणि उंदरांच्या वर माणसं. त्या पावसाळ्यात वखारींतून उंदीर मरून पडू लागले. पुढे महाराष्ट्रभर ‘घरात उंदीर पडला’ एवढे शब्द ऐकले की लोक चूल विझवून गावाबाहेर माळावर झोपड्या घालायचे. मांडवीत मात्र ही खूण वाचायला अजून कोणी शिकलेलं नव्हतं.

पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत तापाला काय तोटा! हिवताप, विषमज्वर, उलटून येणारा ताप हे सगळे नेहमीचे. जांघेत गाठ येणंही नवं नाही. पायाला जखम झाली तर येते, गुप्तरोगातही येते. असा रोगी समोर आला की औषधाची पुडी बांधून देणं हा सरळ मार्ग होता. व्हिएगस यांनी मात्र लक्षणं एकत्र मांडली. ताप एकाएकी भडकतो, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येते, रोगी बरळू लागतो आणि दोन-चार दिवसांत दगावतो. एकाच वस्तीत एकामागून एक माणसं अशी जात होती. १८९४मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेग माजला होता आणि यर्सिन व कितासातो यांनी तिथे त्याचे जंतू शोधले होते. हाँगकाँगची जहाजं मुंबईच्या बंदराला लागत. व्हिएगस यांनी निदान केलं : हा प्लेग आहे.

हे निदान किती अवघड होतं ते सहज लक्षात येत नाही. मुंबईत त्या काळच्या डॉक्टरांनी प्लेग पाहिलेलाच नव्हता. तो पुस्तकात होता. रक्त तपासून लगेच उत्तर देणारी प्रयोगशाळा हाताशी नव्हती. होते ते डोळे, बोटं आणि वस्तीची ओळख. कोणत्या चाळीत गेल्या आठवड्यात कोण गेलं, हे जिने चढून रोगी पाहणाऱ्यालाच माहीत असतं. एक रोगी पाहून ताप कळतो. साथ कळायला मात्र दहा घरं ठाऊक असावी लागतात. व्हिएगस यांचं मोठेपण मला इथे दिसतं. पदवी अनेकांकडे होती, मांडवी त्यांच्याकडे होती.

मांडवीच्या जोडीला त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. ते कॉर्पोरेशनच्या स्थायी समितीचे सभासद होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी समितीसमोर उठून मांडवीत प्लेग असल्याचं सांगितलं. ही बातमी कोणालाच नको होती. प्लेगचं नाव निघालं की परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवणार, माल पडून राहणार, व्यापार बसणार. आरोग्य खात्याला ‘संशयास्पद ताप’ म्हणणं सोयीचं होतं. पण खुद्द स्थायी समितीतला डॉक्टर बोलल्यावर कागद बाजूला सारता येईना. स्वतंत्र तज्ज्ञांनी पडताळणी केली आणि निदान खरं ठरलं. कलकत्त्याहून जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

पुढे शहरात जे घडलं ते भीषण होतं. फेब्रुवारी १८९७पर्यंत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली. जाताना साथ बरोबर गेली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचं निधन झालं. हिंदुस्थानभर पुढच्या दशकांत या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

व्हिएगस निदान करून थांबले नाहीत. नवरोजी हिलच्या गलिच्छ वस्तीची सफाई आणि उंदरांचा नायनाट यासाठी त्यांनी मोहीम उभी केली. लोक सुईला घाबरत होते, सरकारच्या हातातल्या सुईला तर अधिकच. अशा वेळी त्यांनी स्वतः सुमारे १८,००० लोकांना लस टोचली असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. हा आकडा वाचताना मी थबकतो, कारण त्यामागे १८,००० वेळा मिळवलेला विश्वास आहे. ओळखीचा डॉक्टर हात धरतो तेव्हा माणूस दंड पुढे करतो.

सरकारने नेमकं उलट करून पाहिलं. ६ ऑक्टोबर १८९६च्या हुकमाने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अधिकार घेतला गेला. २९ ऑक्टोबरला संतापलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि सक्ती सैल करावी लागली. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात सोल्जरांकरवी झालेल्या झडत्यांचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री तिथल्या प्लेग बंदोबस्ताचे अधिकारी रँड यांच्यावरच्या गोळीबाराने झाला. शिवाय सक्ती ज्या ज्ञानावर उभी होती ते अर्धवट होतं. गटारं धुतली गेली, घरांवर राहण्यास अयोग्य असल्याचे शिक्के मारले गेले, पण रोग उंदराच्या पिसवांवाटे माणसापर्यंत पोहोचतो हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८मध्ये दाखवलं. तोवर व्हिएगस यांच्यासह सगळेच त्याविना लढत होते.

म्हणून साथ कोण ओळखतं, आणि ओळखल्यावर ते कुणाला सांगतं, हे दोन प्रश्न मला आजही तितकेच निकडीचे वाटतात. व्हिएगस यांच्या बाबतीत दवाखान्यातली खुर्ची आणि सभागृहातली खुर्ची एकाच माणसाची होती. रोग्याच्या खाटेपासून शहराच्या तिजोरीपर्यंत बातमी पोहोचायला मध्ये कोणी लागलं नाही. हा दुवा शहरांनी नंतर जपला का?

क्षयाचं उदाहरण घेऊ. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि खोकला लांबला की त्यातले बरेच जण आधी जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातात. तरीही क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणं खाजगी डॉक्टरांना २०१२मध्ये बंधनकारक झालं. व्हिएगस यांच्या निदानानंतर ११६ वर्षांनी. २०१८मध्ये नोंद न करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आली. म्हणजे पुन्हा सक्तीच. एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर पुढच्या रोग्याला आत बोलवायचं की अर्ज भरायचा, या पेचात असतो. भरलेल्या अर्जाचं पुढे काय झालं, आपला रोगी बरा झाला की औषध सोडून गावी गेला, हे त्याला कळलं नाही तर दुसरा अर्ज भरायची उमेद कुठून येणार?

गल्लीतल्या डॉक्टरचं नुसतं कौतुक करूनही भागणार नाही. १९९१मध्ये मुंबईतल्या सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचं औषध लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा ८० वेगवेगळ्या प्रकारे ते लिहिलं गेलं. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये धारावीत तसाच अभ्यास प्रसिद्ध केला. १०६ डॉक्टरांपैकी फक्त ६ जणांचं औषध बरोबर निघालं. चुकीचं औषध म्हणजे औषधांना न जुमानणारा क्षय, आणि मुंबईने तोही पाहिला आहे. वस्तीशी जवळीक आहे पण शिक्षण ताजं नाही, असा डॉक्टर साथ ओळखण्याऐवजी वाढवूही शकतो. व्हिएगस हाँगकाँगच्या साथीपासून धडा घेऊन मांडवीचे जिने चढत होते. आजच्या डॉक्टरला ते नवं ज्ञान कोण पोहोचवतं? बहुतेकदा औषध कंपनीचा प्रतिनिधी.

आणि तरीही कठीण वेळी शहर याच माणसाचं दार ठोठावतं. एप्रिल २०२०मध्ये धारावीत करोना पसरला तेव्हा तिथल्या खाजगी डॉक्टरांनी महापालिकेबरोबर घरोघर जाऊन ताप तपासले. लोकांनी दार उघडलं, कारण समोरचा चेहरा ओळखीचा होता. साथ ओसरली आणि हे नातंही कागदावरून पुसलं गेलं, तर पुढच्या वेळी ते पुन्हा शून्यातून उभं करावं लागेल. दुसरीकडे, जुने फॅमिली डॉक्टर थकताहेत, त्यांची मुलं स्पेशालिस्ट होताहेत आणि दवाखान्याच्या गाळ्याचं भाडं परवडेनासं झालं आहे. सरकारी दवाखाने उघडत आहेत ही चांगली गोष्ट आहे, पण दर काही महिन्यांनी बदलणारा डॉक्टर वस्ती ओळखू शकत नाही.

सभागृहातल्या खुर्चीची गोष्ट तर अधिक क्लेशाची. मार्च २०२२पासून पुढची जवळजवळ चार वर्षं मुंबई महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हतं आणि म्हणून स्थायी समितीही नव्हती. त्या काळात मांडवीतल्या एखाद्या डॉक्टरला काही वेगळं दिसलं असतं, तर त्याने उभं राहून कोणाला सांगितलं असतं? ईमेल पाठवता आला असता. पण ईमेलला बाजूला सारता येतं, २३ सप्टेंबरला उभ्या राहिलेल्या सभासदाला सारता आलं नाही.

प्रत्येक डॉक्टरने निवडणूक लढवावी असं मला म्हणायचं नाही. पण महापालिकेच्या प्रत्येक वॉर्ड कार्यालयात दरमहा एक बैठक होऊ शकते. तिथे त्या भागातल्या खाजगी डॉक्टरांना हक्काची जागा असावी, त्यांनी काय पाहिलं ते इतिवृत्तात यावं आणि पुढच्या बैठकीत त्याचं उत्तर मिळावं. तिथेच त्यांना नव्या उपचारांची माहितीही द्यावी. यासाठी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. डॉक्टरचा अर्धा दिवस बुडतो, त्याचं मानधन द्यावं. महापालिकेत आता पुन्हा निवडून आलेले सभासद बसू लागले आहेत. आरोग्यावर बोलणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाकडे नागरिकांनी हीच एक मागणी धरून बसावं, कारण पुढच्या साथीचा पहिला रोगीही बहुधा एखाद्या लहानशा दवाखान्याच्या बाकावरच येऊन बसणार आहे.